घरी न्यायचा फोटो

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचे फोटो विनामोबदला काढायचे आणि छापून त्या कुटुंबाच्या हाती द्यायचे, एवढेच या सेवेचे स्वरूप आहे. ती करणारा छायाचित्रकार एरवी लग्नांचे, दुकानातल्या मालाचे किंवा वर्तमानपत्रासाठी फोटो काढत असतो आणि महिन्यातल्या एखाद-दोन दुपारी या कामाला देतो. काम दिसायला सोपे असते. खिडकीपाशी बसलेले मूल, शेजारी आई आणि समोर कॅमेरा. पण लग्नाच्या मांडवात अंगवळणी पडलेले बरेच काही इथे बाजूला ठेवावे लागते. त्याच्या जागी काय शिकायचे, ते एकेका कुटुंबाकडूनच कळत जाते.

या सेवेला संस्थेचे रूप अमेरिकेत आले. ओहायोमधल्या क्लीव्हलँड शहरात २००१ साली ॲलिसन आणि किप क्लार्क या दांपत्याने, स्वतःच्या मुलाच्या आजारपणानंतर, ‘फ्लॅशेस ऑफ होप’ ही संस्था सुरू केली. व्यावसायिक छायाचित्रकार रुग्णालयात जाऊन मुलांचे फोटो काढतात आणि ते कुटुंबाला भेट म्हणून देतात. २००५ साली कोलोरॅडोमध्ये सुरू झालेल्या ‘नाउ आय ले मी डाउन टू स्लीप’ या संस्थेने याच वाटेवरचे आणखी अवघड काम हाती घेतले. जन्मतःच किंवा जन्मानंतर लगेच दगावणाऱ्या बाळांचे फोटो ती आईबापांना काढून देते. ‘फ्लॅशेस ऑफ होप’चा भर कृष्णधवल फोटोंवर राहिला. औषधांनी काळवंडलेली कातडी आणि डोळ्यांखालची वर्तुळे कृष्णधवल फोटोत मागे सरतात आणि मुलाची नजर पुढे येते. आपल्याकडच्या आयांना मात्र रंगीतच फोटो हवा असतो. फोटोसाठी म्हणून लेकीला लाल फ्रॉक घातलेला असतो, तो काळा दिसलेला कोणत्या आईला चालेल? दोन्ही प्रकारे छापून द्यावे आणि निवड कुटुंबावर सोडावी, हे उत्तम.

महाराष्ट्रात या कामाचा विचार परळपासून सुरू होतो. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. विदर्भ-मराठवाड्यातून जशी मुले येतात, तशीच ती बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालमधूनही येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि मुंबईत राहण्याची सोय सगळ्यांना मिळत नाही. रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर पथारी टाकून राहणारी कुटुंबे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांचा मोठा आधार आहे. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ या संस्थेने खास कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवास उभे केले. रुग्णालयाचे वॉर्ड गर्दीचे असतात आणि तिथे शेजारच्या रुग्णाचा खासगीपणाही जपावा लागतो. त्यामुळे फोटोचे काम बहुधा अशा निवासांत, धर्मशाळांत किंवा उपचार संपल्यावर प्रत्यक्ष घरी होते.

हा फोटो निरोपाचा आहे असे मनाशी धरून येणारा नवा स्वयंसेवक सुरुवातीलाच चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ० ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जाते. निदानाला झालेला उशीर, औषधांचा तुटवडा आणि मध्येच सुटलेले उपचार ही त्यामागची मोठी कारणे आहेत. २०३० पर्यंत जगभरातल्या निदान ६० टक्के मुलांना वाचवायचे, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठरवले. म्हणजे समोर बसलेले मूल बरे होऊन शाळेत जाण्याची शक्यता खरी आहे, आणि छायाचित्रकाराच्या चेहऱ्यावर ती दिसायला हवी. कॅमेऱ्यामागे डबडबलेले डोळे मुलांना लगेच ओळखू येतात. आयांना तर ते आधीच ओळखू येतात.

फोटो काढण्याआधी आजाराची जुजबी माहिती करून घेणे आवश्यक असते. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही आठवड्यांत स्टेरॉइडमुळे चेहरा गोल, फुगीर होतो. भूक अशी लागते की मूल रात्री दोन वाजता बटाट्याची भाजी मागते. केमोने केस जातात. व्हिन्क्रिस्टीन या औषधाने पायांच्या नसा दुबळ्या होतात. अशा मुलाला ‘चल, एक उडी मारून दाखव’ म्हणणे म्हणजे त्याला जे जमत नाही तेच सगळ्यांसमोर करायला लावणे. प्लेटलेट कमी असतील तर साध्या धक्क्याने अंगावर काळेनिळे डाग उठतात, म्हणून बापाने लेकराला वर उडवून झेलण्याचा हुकमी फोटो इथे बाद ठरतो. पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर मास्क काढता येत नाही आणि ताजी फुले, कुंड्या, बाहेरची खेळणी जवळ चालत नाहीत. पालकांच्या बोलण्यात या सगळ्याला एकच शब्द असतो, ‘काउंट’. ‘आज काउंट कमी आलेत’ असे आई म्हणाली की त्या दिवशीची भेट रद्द करायची. पुढची तारीखही आईनेच द्यायची.

छायाचित्रकाराच्या स्वतःच्या बाबतीतले नियमही तेवढेच कडक असतात. सर्दी-खोकला असेल तर जायचे नाही. घरात कोणाला कांजिण्या झाल्या असतील तर बरे वाटत असले तरी जायचे नाही, कारण केमो घेणाऱ्या मुलाला कांजिण्या जिवावर बेतू शकतात. कॅमेरा, लेन्स आणि पट्टा निघण्यापूर्वी जंतुनाशकाने पुसायचा. सामान कमी न्यायचे. एक कॅमेरा, ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लेन्स आणि मोकळे हात. छत्र्या, स्टँड, मोठे दिवे पाहिले की मुलाला आणखी एका तपासणीची खोली आठवते. फ्लॅश टाळलेला बरा. खिडकीचा उजेड घ्यावा. ट्यूबलाइटखाली काम करावे लागले तर शटरचा वेग सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० भागावर ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने या वेगांना फोटोत दिव्याचे आडवे पट्टे उमटत नाहीत.

फ्लॅशचा या आजाराशी आणखीही एक संबंध आहे. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एरवी बाहुली लाल दिसते. या आजारात ती पांढरी चमकते. बारशाच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोत एक डोळा पांढरा दिसला म्हणून डॉक्टरांकडे गेलेली आणि त्यामुळे वेळेवर उपचार मिळालेली मुले आहेत. पांढऱ्या चमकेमागे मोतीबिंदूसारखी किंवा अगदी निरुपद्रवी कारणेही असू शकतात, पण तपासणी ताबडतोब करावी लागते. लहान मुलांचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला एवढे ठाऊक असावे. अशी चमक दिसली तर ती संगणकावर पुसून टाकू नये. पालकांना बाजूला घेऊन, न घाबरवता, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगावे.

परवानगीचा प्रश्न कागदावर सोपा असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते असे म्हटले आहे. भारतातल्या वैद्यकीय संशोधनाच्या नियमांत सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. फोटोच्या कामातही हाच दंडक घालून घ्यावा. पालकांची सही हवी आणि मुलाचा होकारही हवा. मुलाला नकार देता येणे फार महत्त्वाचे आहे. त्याच्या दिवसातले बाकीचे काहीच त्याच्या मर्जीने होत नसते. पाठीतल्या इंजेक्शनला नाही म्हणता येत नाही, सलाईनला नाही म्हणता येत नाही. फोटोला नाही म्हणता येते, आणि तो नकार हसत स्वीकारणारा मोठा माणूस त्याला भेटतो, याचेही मोल आहे.

सहीच्या मागे आणखी खोलवर एक भीती असते. मराठी घरात भिंतीवरच्या फोटोला हार असला की ते माणूस गेलेले असते. आजारी मुलाचा मोठा फोटो काढून फ्रेम करायची म्हटली की आजीच्या मनात पहिला विचार तोच येतो. दुसरी भीती दृष्ट लागण्याची. केस गेलेल्या लेकराचा फोटो नको, केस आल्यावर काढा, असे कित्येक जण सांगतात. या दोन्ही गोष्टींवर वाद घालण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही. आईने कपाळाच्या कडेला तीट लावली तर ती फोटोत राहू द्यावी. फ्रेम नको असेल तर पाकिटात मावेल एवढा फोटो द्यावा. काही आया स्वतःच वाट काढतात. बाळपणी जावळ काढले होते तसेच हे, पुन्हा दाट येतील, असे म्हणून लेकाची टोपी त्या आपल्या हाताने काढतात.

तिसरी भीती अनुभवातून आलेली असते. उपचारांसाठी पैसे उभे करताना मुलाचे व्याकूळ फोटो मागितले गेलेले असतात. नाकात नळी असलेला, रडतानाचा फोटो मोबाइलवरून शेकडो अनोळखी लोकांपर्यंत गेलेला असतो. पैशांची गरज खरी असते आणि त्या मदतीने उपचार पूर्णही होतात. तरी त्या फोटोत मूल दयेचा विषय होते, आणि मोठे झाल्यावर त्याला तो फोटो पुन्हा भेटू शकतो. म्हणून कॅमेरा पाहताच अनेक बाप पहिला प्रश्न विचारतात, ‘हा फोटो कुठे लागणार?’ ‘तुमच्या घरी,’ हे एकच उत्तर या कामात खरे असले पाहिजे. छायाचित्रकाराने स्वतःच्या पानावर, प्रदर्शनात किंवा स्पर्धेत तो वापरू नये. कोणी आपणहून परवानगी दिली तरी थांबावे. उपचाराच्या काळात मदतीच्या ओझ्याखाली असलेल्या आईबापांना नाही म्हणणे जड जाते.

प्रत्यक्ष भेटीतला बराचसा वेळ फोटो न काढण्यात जातो. परळजवळच्या एका निवासातली एक दुपार त्याचा चांगला नमुना आहे. हिंगोलीकडची सहा वर्षांची मुलगी गादीवर बाहुलीला सलाईन लावत बसली होती. खऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, खरी रिकामी नळी. डोक्यावर लोकरी टोपी, ती काढायची नाही हे तिने आधीच बजावले होते. छायाचित्रकार जमिनीवर बसला, कॅमेरा मांडीवर पालथा ठेवला. वीस मिनिटे गेली. मग तिने मान वर करून विचारले, ‘दादा, तुमचे काउंट किती आले?’ त्याला उत्तर देता येईना. आपले काउंट माहीत नसलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला असावा. तिने त्याचा हात ओढून घेतला, पेनाने रक्त काढले, चिकटपट्टी लावली, ‘दुखणार नाही, झालंच’ असे नर्सच्या स्वरात सांगितले आणि वहीच्या पानावर त्याचा रिपोर्ट लिहायला घेतला. लिहिताना टोपी मागे सरकली, ते तिच्या लक्षातही आले नाही. पलीकडे तिची आई तोंडाला पदर लावून हसत होती. तोच फोटो घरी गेला. रिपोर्ट वाचणारी गंभीर डॉक्टरीण आणि मागे हसणारी आई. टोपीखालचे डोके दिसते आहे, हे आईला विचारून, आणि मग मुलीला दाखवून ठरवले गेले. मुलगी म्हणाली, ‘राहू दे. डॉक्टर अशीच असते.’

फोटोत कोण असावे हा या कामातला कळीचा भाग आहे. आजारपणात कुटुंब विभागले जाते. आई मुलाबरोबर मुंबईत, बाप गावी किंवा कामाच्या ठिकाणी, कारण मजुरी बुडवून चालत नाही. दुसरे भावंड आजीकडे. मोबाइलमध्ये मुलाचे ढीगभर फोटो असतात, पण ते आईने काढलेले असल्याने त्यांत ती स्वतः कुठेच नसते. दोन वर्षे रात्रंदिवस उशाशी बसलेल्या बाईचा त्या काळातला एकही फोटो घरात नसतो. म्हणून प्रत्येक भेटीत आई आणि मूल यांचा एक तरी नीट फोटो व्हावाच. सामाईक स्वयंपाकघरात चपात्या लाटताना, केस नसलेल्या डोक्याला तेल लावताना, गोळ्यांचे वेळापत्रक भिंतीला चिकटवताना तिचे हातही टिपावेत. बाप येऊ शकत नसेल तर त्याच्या सुट्टीपर्यंत थांबावे. तेही जमत नसेल तर व्हिडिओ कॉल लावून मोबाइल मुलाच्या हातात द्यावा आणि पडद्यावरच्या बापासकट फोटो काढावा. पडद्याचा उजेड थोडा कमी केला की त्याचा चेहरा स्पष्ट येतो. सुरतेत यंत्रमागावर काम करणारा एखादा बाप त्या दोन मिनिटांसाठी कारखान्याबाहेर येऊन, केस विंचरून उभा राहतो.

भावंडांचा विसर पडू नये. सगळ्यांचे लक्ष आजाऱ्याकडे असल्याने धडधाकट मूल गप्प होत जाते. दिवाळीत किंवा मेच्या सुट्टीत ते मुंबईला आले की त्याचा एकट्याचा फोटो काढावा, आणि मग दोघांचा. किशोरवयातल्या मुलांची गोष्ट वेगळी. हाडाच्या कर्करोगात, ऑस्टिओसार्कोमात, कधी पायावर मोठी शस्त्रक्रिया होते, कधी पाय काढावा लागतो. चौकट कमरेपर्यंत घ्यायची की कुबडीसह पूर्ण, हे त्या मुलालाच विचारावे. एकाच मुलाचे उत्तर सहा महिन्यांनी बदललेलेही दिसते.

फोटो काढल्यानंतर संगणकावर किती हात फिरवायचा यालाही मर्यादा आहे. उजेड, रंग आणि चौकट सुधारावी. ट्यूबलाइटची हिरवी झाक काढावी, नाहीतर मूल आहे त्याहून आजारी दिसते. छातीवरचा पोर्ट, टाके, डोक्यावरचे व्रण मात्र आपल्या मनाने पुसू नयेत. बऱ्या झालेल्या मुलाला ती आपल्या लढाईची खूण वाटू शकते. कुटुंबाने पुसायला सांगितले तर पुसावे आणि मूळ फोटोही सोबत द्यावा.

फोटो कागदावर छापून देणे हा या सेवेचा गाभा आहे. मोबाइल हरवतात, फुटतात, पैशांच्या अडचणीत विकले जातात. सहा इंच बाय चार इंचाच्या प्रती स्वस्त पडतात. त्या आईसाठी, गावच्या आजीसाठी आणि भावंडासाठी अशा निदान तीन द्याव्यात. आयांच्या हातात कायम एक जाड फाइल असते, तीत तपासण्यांचे कागद तारखेनुसार लावलेले असतात. अनेकजणी फोटो त्याच फाइलच्या पहिल्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात ठेवतात. फाइल उघडली की डॉक्टरांना रक्ताच्या आकड्यांआधी हसणारे मूल दिसते.

काही भेटी शेवटच्या असतात. उपचार थांबवून फक्त वेदना कमी करण्याचे ठरलेले असते आणि पालकच निरोप धाडतात. अशा वेळी छायाचित्रकाराने एकट्याने निर्णय घेऊ नये. समाजसेवक किंवा नर्स बरोबर असावी. वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. शटरचा आवाज बंद ठेवावा. चेहऱ्यावर न राहता हातांकडे यावे. आईच्या तळहातातला तळहात, बापाच्या बोटात अडकलेले बोट, उशाशी ठेवलेले चांदीचे वाळे. कोणाला अमुक बाजूला बसा म्हणून सांगू नये. हे फोटो छापून पाकीट बंद करून द्यावे. ते कधी उघडायचे, उघडायचे की नाही, हे त्या घराने ठरवावे.

या कामाचा भार छायाचित्रकारावरही पडतो. ज्याचे काउंट सुधारत होते ते मूल पुढच्या खेपेला नसते. घरी येऊन फोटो निवडताना तोच चेहरा मोठ्या पडद्यावर तासभर पाहावा लागतो. जुने स्वयंसेवक नव्यांना दोन गोष्टी सांगतात. महिन्याला ठरलेल्यापेक्षा जास्त भेटी घ्यायच्या नाहीत, आणि कोणाशी तरी बोलायचे. दुःख झाले म्हणून काम सोडणे यात कमीपणा नाही. न सांगता गायब होणे मात्र वाईट, कारण कबूल केलेल्या फोटोची वाट पाहणारे एक घर असते.

शेवटी उरतो मूळ फायलींचा प्रश्न. परवानगीच्या कागदावर त्या किती वर्षे ठेवायच्या हे लिहिलेले असावे आणि मुदत संपल्यावर कुटुंबाला कळवून पुसाव्यात. तोवर त्या दोन ठिकाणी, कुलूपबंद ठेवाव्यात, कारण कधीकधी दीड-दोन वर्षांनी फोन येतो. बाप विचारतो, तो फोटो अजून आहे का, एक प्रत मिळेल का. मूल पहिलीत गेलेले असेल आणि त्याला तो वर्गात दाखवायचा असेल. किंवा मूल गेलेले असेल आणि जुनी प्रत हाताळून झिजली असेल. बापाने सांगितले तर ऐकावे. आपणहून कारण विचारू नये. पत्ता आणि आकार विचारावा, आणि त्याच आठवड्यात प्रत पाठवावी.